सोयाबीनची मेणबत्ती

आमच्या आईच्या हिशेबी मेणबत्तीला जगात एकच काम आहे. वीज गेली की ती लावायची आणि वीज आली की फुंकून फडताळात ठेवायची. वऱ्हाडात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. म्हणून २०२४ च्या दिवाळीत, वसुबारसेच्या संध्याकाळी, माझ्या भाचीने पुण्याहून आणलेली मेणबत्ती बैठकीत लावली, तेव्हा देवघरातून लगबगीने बाहेर येत आईने विचारले, “लाईट गेली का वं?”

मग तिने वर दिव्याकडे पाहिले. पुन्हा मेणबत्तीकडे पाहिले.

“अवं, लाईट तं हाये! मंग मेणबत्ती कायले लावली?”

“आजी, ही उजेडासाठी नाही. वासासाठी आहे,” भाची म्हणाली.

“वासासाठी उदबत्ती हाये ना घरात.”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. निदान भाचीपाशी त्या वेळी नव्हते. माझे सासर आणि माहेर दोन्ही अंजनगावातच असल्यामुळे असे प्रसंग मला घरबसल्या पाहायला मिळतात, आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्या शिक्षिकेला त्याहून मोठी दिवाळी भेट कोणती हवी? मी खुर्ची जवळ ओढली.

जाड काचेच्या पेल्यात ती मेणबत्ती बसवलेली होती. वर सुबक फ्रेंच अक्षरे. वास अंजिराच्या झाडाचा आहे, असे भाचीने सांगितले. अंजिराचा नव्हे, झाडाचा! मी नाक पुढे केले. कुणीतरी कोवळे पान तळहातावर चुरगाळावे तसा हिरवा, किंचित दुधाळ वास होता तो. खोटे कशाला सांगू, मला आवडला.

तेवढ्यात दादा मळ्यातून आला. आमच्या घरचा पानमळा आहे, आणि त्याच्या कडेने थोडी पानपिंपळी. अंजनगाव सुर्जीची ओळख गेल्या कित्येक पिढ्या या दोन वेलींनी सांभाळली आहे. दादाने हातपाय धुतले, वास घेतला, आणि शेतकऱ्याने विचारावा तो पहिला प्रश्न विचारला, “कितीले?”

भाची जरा घुटमळली. “बाराशे.”

दादा काही बोलला नाही. त्याने पेला उचलून बुडाशी चिकटवलेला कागद वाचायचा प्रयत्न केला आणि तो माझ्या हाती दिला. मी वाचून दाखवले. वजन दोनशे ग्रॅम. मेण सोयाबीनचे.

“सोयाबीनचे? आपल्या सोयाबीनचे?”

“तेलाचे मेण करतात, बाबा. धूर कमी होतो.”

त्या वर्षी सोयाबीनचा सरकारी हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात तेवढाही मिळत नव्हता. दादाने मनात भागाकार केला. शाळेत असताना त्याचे गणित माझ्यापेक्षा चांगले होते. “म्हंजे बाई, ह्या वातीवर साडेचोवीस किलो सोयाबीन जळून राह्यलं.”

मी म्हटले, तसे नाही दादा. शंभर किलो सोयाबीनमधून अठरा-वीस किलो तेल निघते. तेव्हा या मेणबत्तीत फार तर किलोभर सोयाबीन असेल. एकोणपन्नास रुपयांचे.

“मंग उरलेले साडेअकराशे कायचे?”

“स्टाईलचे, बाबा,” भाची हसत म्हणाली. “फ्रेंच स्टाईलचे.”

तिला वाटले विनोद झाला आणि संपला. पण हा शब्द त्या दिवशी आमच्या घरात शिरला तो पुढे चार महिने पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून राहिला.

खरे तर मेणबत्तीच्या बाबतीत फ्रेंचांना बोलायचा थोडा अधिकार आहे. दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत युरोपातल्या गरिबांची मेणबत्ती म्हणजे जनावरांच्या चरबीची कांडी. जळताना ती धुराने कोंदायची आणि घाणही मारायची. मधमाश्यांचे मेण होते, पण ते चर्चसाठी आणि श्रीमंतांसाठी. शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने चरबी म्हणजे नेमके काय आहे ते उलगडले, आणि १८२५ साली गे-ल्युसॅक या दुसऱ्या शास्त्रज्ञाबरोबर त्यातल्या घट्ट आम्लापासून मेणबत्ती करण्याचे पेटंट घेतले. ही मेणबत्ती स्वच्छ जळे. त्याच सुमारास कांबासेरेस नावाच्या एका फ्रेंच माणसाने वात वेणीसारखी विणली. विणलेली वात जळताना वाकते, ज्योतीच्या कडेला येते आणि स्वतःच जळून जाते. त्यामुळे घडोघडी कात्रीने काजळी कापावी लागेनाशी झाली. शेव्ह्रल १०२ वर्षे जगला. घरातला धूर कमी करणाऱ्याला एवढे आयुष्य मिळाले, हे मला फार योग्य वाटते.

वासाची कथा अलीकडची. १९६१ साली पॅरिसच्या सां-जर्में रस्त्यावर तीन कलावंत मित्रांनी ‘दिप्तिक’ नावाचे दुकान थाटले. १९६३ साली त्यांनी सुवासिक मेणबत्त्या आणल्या. पहिले वास तीन : तिकडच्या कुंपणावर फुलणाऱ्या एका काटेरी झुडपाचा, दालचिनीचा आणि चहाचा. भाचीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “आत्या, म्हणजे तिघांतले दोन तर आपल्याच बाजूचे!” मला मात्र त्या काटेरी झुडपाची मौज वाटली. पॅरिससारख्या शहरात बसून माणसांना वास आठवला तो गावाकडच्या कुंपणाचा.

आता या मेणबत्तीचा लग्नाशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. सांगते.

भाचीची सोयरीक पावसाळ्यातच झाली होती. मुलगा अकोल्याकडचा, नोकरीला पुण्यातच. लग्न माघात करायचे ठरले होते, पण कुठे आणि कसे हे ठरायचे होते. नरकचतुर्दशीच्या फराळानंतर दादाने आपला बेत सांगितला. त्याने एक लॉन पाहून ठेवले होते. राजवाड्यासारखे फाटक, कारंजे, आणि वधूवरांच्या खुर्च्यांमागे विजेच्या माळांनी मढवलेला दुमजली उंचीचा आयफेल टॉवर. हे सांगताना दादाचा चेहरा उजळला होता.

मग भाचीने आपला फोन पुढे केला. त्यात फ्रान्सच्या खेड्यातल्या एका लग्नाची चित्रे होती. शेताच्या कडेला झाडाखाली पांढऱ्या चादरी घातलेली लांबच लांब टेबले, बाटल्यांतून रानफुले, फांद्यांना टांगलेले कंदील. “बाबा, मला असे लग्न हवे. आपल्या पानमळ्यापाशी.”

बापाला आयफेल टॉवर हवा होता आणि लेकीला फ्रान्सचे खेडे! दोघांनाही फ्रान्सच हवा होता, आणि तरी घरात असा अबोला पसरला की अनारसा मोडल्याचा आवाज ऐकू यावा.

तणाव निवळावा म्हणून मी विचारले, तिकडच्या लग्नात असते तरी काय? भाचीने बरीच माहिती काढली होती. तिकडे १७९२ पासूनचा कायदाच आहे, लग्न गावच्या नगराध्यक्षापुढे लागले पाहिजे. चर्च वगैरे नंतर. मग ओळखीपाळखीच्या साऱ्यांना ‘व्हँ दॉनर’ म्हणून पेयपान आणि थोडे खाणे देतात, आणि रात्रीच्या जेवणाला फक्त जवळची माणसे राहतात. “आपण साठ जणांना बोलावू. बाकी गावाला सरबत.”

“सरबत पाजून गाव घरी पाठवू?” दादा एवढेच म्हणाला आणि उठून मळ्यात गेला.

तो गेल्यावर भाचीच्या डोळ्यांत पाणी आले. “आत्या, फ्रान्स या गावाला फार लांब पडतो.”

मी शाळेत इतिहासही शिकवते. तिला म्हटले, इतका लांब नाही गं. तुझ्या गावात बसूनच एकदा फ्रेंचांना दार दाखवले गेले होते. १८०३ सालची गोष्ट. महादजी शिंद्यांनी आपल्या कवायती पलटणी उभ्या केल्या त्या डिबॉइनच्या हातून. तो सव्हॉयचा, एके काळी फ्रेंच सैन्यात नोकरी केलेला. त्याच्या मागून पलटणी आल्या पेराँ या फ्रेंचाकडे. हा पेराँ तरुणपणी हातरुमाल विकत फिरायचा असे सांगतात. त्या साली इंग्रजांशी लढाई जुंपली. असई झाली, २९ नोव्हेंबरला आपल्या शेजारचे अडगाव झाले, १५ डिसेंबरला समोरच्या डोंगरातला गाविलगड पडला, आणि ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंदे व आर्थर वेलस्ली यांच्यात सुर्जी-अंजनगावचा तह झाला. त्या तहात एक कलम असे की, इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या कोणत्याही राष्ट्राचा माणूस, आणि त्यात फ्रेंच आधी, शिंद्यांनी इंग्रजांच्या संमतीवाचून नोकरीत ठेवायचा नाही.

“आणि तो रुमालवाला?”

तो त्याआधीच इंग्रजांच्या स्वाधीन झाला होता. इथे मिळवलेला पैसा घेऊन मायदेशी गेला आणि व्हांदोमजवळ शेतीवाडीसह मोठा वाडा घेऊन राहिला. तेव्हा तुझ्या फोनमधल्या त्या देखण्या खेड्यांपैकी एखाद्याला हिंदुस्थानच्या पैशाचा हात लागलेला असायचा!

भाची हसली. पण दादा दोन दिवस हसला नाही.

भाऊबीजेला मी ओवाळले. ताटात ओवाळणी टाकून दादा नेहमीप्रमाणे मला घरी पोचवायला निघाला. मी विचारले, लॉनला खर्च किती? तो म्हणाला, धरून सारे चार लाखांपर्यंत जाते. दोन वर्षे पानवेलींना मर रोगाने गाठले होते. पैसा कुठून येणार ते मला ठाऊक होते, तरी विचारले. मळ्यावर कर्ज काढायचे त्याने ठरवले होते.

“दादा, पोरीला नको आहे ना ते. मग कशाला?”

तो चालता चालता थांबला. “तुले तुहं लग्न आठवते?”

आठवते तर! शेतातच मांडव होता. बाबांच्या हाती पैसा नव्हता, ही गोष्ट मला तेव्हा कुणी कळू दिली नाही. नुकतेच पाणी दिलेल्या मळ्याचा गार वास येत होता, आईने स्वतः लाटलेल्या पुरणपोळ्या होत्या. माझ्या आठवणीतले ते सर्वांत सुंदर लग्न आहे, कारण त्यात मी होते.

“पंगतीत वाढताना मी आयकलं,” दादा म्हणाला. “वऱ्हाडातला एक जण दुसऱ्याले म्हणे, ह्यांची ऐपत नव्हती तं आपल्याले वावरात आणून बसवलं. माह्या हातात वरणाची बादली होती. बाबा बाजूले उभे होते. त्यायनंही आयकलं. मी त्याच दिवशी ठरवलं, माह्या पोरीचं लग्न वावरात होणार नाही.”

इतक्या वर्षांत हे वाक्य दादाने मला सांगितले नव्हते. कोण तो माणूस हे आजही सांगितले नाही. मला समजले की भाची ज्याला स्टाईल म्हणते ते तिच्या बापाच्या लेखी गरिबीचे दुसरे नाव आहे. फ्रान्सच्या खेड्यातल्या त्या टेबलांशी बसलेल्या माणसांना कुणी ऐपतीवरून बोलत नसेल, म्हणून त्यांचे ते चित्र एवढे निवांत दिसते. आमचे झाड तेच असते, सावलीही तीच असते. फक्त खाली बसलेल्या माणसाच्या पाठीत कुणाचा तरी शब्द रुतलेला असतो.

मला दुसरे काही सुचेना, तेव्हा मी त्याला एक गोष्ट सांगितली. फ्लोबेर नावाच्या फ्रेंच लेखकाची ‘मादाम बोव्हारी’ ही कादंबरी १८५७ साली पुस्तकरूपाने निघाली. तिची नायिका एम्मा एका शेतकऱ्याची मुलगी. तिला आपले लग्न मध्यरात्री, मशालींच्या उजेडात व्हावे असे वाटत होते. बापाला ही कल्पनाच कळली नाही. मग रीतीप्रमाणे थाटात लग्न झाले. गाड्या भरभरून पाहुणे आले, सारंगीवाला पुढे आणि वऱ्हाड शेताच्या पायवाटेने मागे. त्रेचाळीस माणसे जेवायला होती आणि सोळा तास पंगत चालली होती.

“सोळा तास!” दादाला पहिल्यांदा फ्रेंचांविषयी आदर वाटला.

पुढे एम्माला पॅरिसचा ध्यास लागला. पॅरिसचा नकाशा आणून ती त्यावरच्या रस्त्यांवरून बोट फिरवीत बसे. गावातला कापडवाला गोड बोलून तिला उधारीवर वस्तू देत गेला. कागदावर कागद सह्या होत गेले. शेवटी आठ हजार फ्रँक चोवीस तासांत भरा, असा हुकूम दारात आला. आणि मग एम्माने सोमल खाल्ला.

हे शेवटचे वाक्य सांगताना मी चाचरले. इतर ठिकाणी ही कादंबरी असेल. वऱ्हाडात ती अशी सहज सांगता येत नाही. दादा पुष्कळ वेळ बोलला नाही. मला वाटले होते तो सावकाराविषयी विचारील. त्याने विचारले, “अन् तिच्या बापाचं काय झालं?”

“मातीला आला. नंतर अर्धांगाने पडला.”

आम्ही माझ्या दारापर्यंत आलो होतो. मी म्हटले, “दादा, तिला मशालींनी बुडवले नाही. मशाली तर तिला मिळाल्याच नाहीत. बुडवले ते उधारीने.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माहेरी गेले तेव्हा दादा भाचीला अटी सांगत होता. जेवण साऱ्या गावाला. सरबतावर बोळवण नाही. वेलींना धक्का लागता कामा नये, म्हणून मांडव मळ्यात नाही, शेजारच्या सोयाबीन निघालेल्या वावरात. मळ्यात जायचे तर चपला बाहेर, मग पाहुणा पुण्याचा असो की पॅरिसचा. आणि दारावर एक गेट पाहिजेच. गेटचा हट्ट त्याने सोडला नाही. भाचीने सगळ्या अटी मान्य केल्या. मळ्यावरचे कर्ज राहून गेले.

माघातल्या एका गोरजमुहूर्तावर लग्न लागले. चिंचेच्या झाडाला कंदील टांगले होते. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी पांढऱ्या चादरींची लांब टेबले होती, आणि बाकीच्यांची जमिनीवर पंगत. दोन्ही शेजारी पाहिल्यावर माझ्या ध्यानात आले की आपल्याच पंगतीला पाय फुटले म्हणजे ते फ्रेंच टेबल होते. वांग्याची भाजी, वरण, पोळी, बुंदी आणि मठ्ठा असा बेत होता. निरोपाचा विडा आमच्याच मळ्यातल्या पानांचा होता. भाचीने सुट्टी काढून पन्नास मेणबत्त्या स्वतः ओतल्या होत्या. त्यांत कोणता वास घालावा यावर तिने पुष्कळ विचार केला आणि शेवटी वास घातलाच नाही. म्हणाली, “आत्या, दुपारी मळ्याला पाणी द्यायला सांगितले आहे. तेवढे पुरे.”

सगळे तिच्या मनासारखे झाले असे मात्र नाही. अंधार पडता पडता डोंगराकडून वारा सुटला आणि त्या पन्नास मेणबत्त्या दोन मिनिटांत विझल्या. सगळीकडे हशा पिकला. आई पहिल्या रांगेतून मोठ्याने म्हणाली, “आता तरी लाईट लावा!” दिवे लागले, डोळे दिपले, पण त्या मधल्या मिनिटभराच्या काळोखात ओल्या मातीचा आणि पानवेलींचा जो वास आला, तो माझ्या लग्नातला होता. मी ताबडतोब ओळखला.

दादा रात्रभर कान टवकारून हिंडत होता, हे फक्त मलाच ठाऊक होते. हातात वरणाची बादली घेऊन तो पंगतीतून फिरत होता. शेवटी ते वाक्य आलेच. वराकडच्या एका वयस्कर पाहुण्याने, कदाचित कौतुकानेही असेल, विचारले, “लग्न वावरात केलं का?”

मी श्वास रोखला. दादाने त्याच्या पानात आधी वरण वाढले.

“हो,” तो म्हणाला. “फ्रेंच स्टाईल हाये.”

या वर्षी दिवाळीची आवरासावर करताना मी आईच्या देवघरात गेले. भाचीने आणलेली ती मेणबत्ती केव्हाच जळून संपली होती. आईने पेला उकळत्या पाण्याने स्वच्छ केला होता, आणि घरच्या कापसाच्या फुलवाती वळून त्यात काठोकाठ भरून ठेवल्या होत्या. काचेवरची फ्रेंच अक्षरे तशीच होती. आईला ती वाचता येत नाहीत. तिने मला विचारलेही नाही, की त्यांवर काय लिहिले आहे.